पायाखालची वीज आणि वहीतले आकडे

दोन वर्षांपूर्वी टिटवाळ्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही तिघे परीक्षक होतो. सगळ्यांत जास्त गर्दी एका टेबलाभोवती होती. तेथे दोन मुलांनी पुठ्ठ्याचे टिटवाळा स्टेशन उभे केले होते. फलाट, पादचारी पूल, कसाऱ्याकडे निघालेली लोकल, सारे काही हुबेहूब. शेजारी जमिनीवर एक फळी होती आणि तिच्याखाली पितळेच्या चकत्या चिकटवल्या होत्या. फळीवर पाय दिला की पुलावरचा दिवा लागे. "रोज इतके प्रवासी पुलावरून जातात, त्यांच्या पावलांतून अख्ख्या स्टेशनची वीज निघेल," असे मुले उत्साहाने सांगत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर नववीतली एक मुलगी तसलीच एकच चकती घेऊन बसली होती. तिच्याकडे दिवा नव्हता. चकती, चार डायोड, १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, मल्टिमीटर आणि वही. चकतीवर बोटाने शंभर टिचक्या मारायच्या आणि कपॅसिटरवर किती व्होल्ट चढले ते वहीत लिहायचे, एवढाच तिचा उद्योग. तिच्यापुढे गर्दी कशी होणार?

पहिले बक्षीस फळीला मिळाले, मुलीला उत्तेजनार्थ. संध्याकाळी आवराआवर चालली असताना ती फळी उलटी पडलेली मला दिसली. चकत्यांच्या तारा कोठेच गेल्या नव्हत्या. कडेला चिकटपट्टीने दोन सेल बसवले होते आणि एक दाबाचा खटका. पाऊल पडले की खटका दाबला जाई आणि दिवा लागे. मुलांना विचारले, तर त्यांनी काही लपवले नाही. "सर, चकत्यांनी दिवा लागतच नव्हता. मग प्रयोग दाखवायचा कसा?" निकाल जाहीर झाला होता. मी गप्प राहिलो, आणि ते माझे चुकले.

हे आज सांगण्याचे कारण असे की दाब दिल्यावर वीज देणाऱ्या पदार्थांचे एक नवे कुटुंब गेल्या काही वर्षांत पुढे आले आहे. सेंद्रिय आणि असेंद्रिय अशा दोन्ही घटकांनी बनलेले हे संकरित अर्धसंवाहक आहेत. त्यांच्याविषयीच्या बातम्या वाचून उद्या पुन्हा कोणीतरी पायाखालच्या विजेवर गाव उजळवायला निघेल. तेव्हा हे पदार्थ काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, ते आधी नीट पाहू.

घरात गॅस पेटवायचा लायटर असतो. खटका दाबला की ठिणगी पडते, पण आत सेल नसतो. आत एक छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या धक्क्याने तुकड्याच्या दोन टोकांत हजारो व्होल्टचा विद्युत्‌दाब निर्माण होतो. या गुणाला दाबविद्युत म्हणतात. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी तो शोधून काढला. पिएर तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. त्यांनी तपासलेल्या स्फटिकांत क्वार्ट्झ होते, तुरमली होती आणि आपली नेहमीची साखरही होती.

मिठाचा स्फटिक मात्र कितीही दाबा, वीज निघणार नाही. असे का? मिठातल्या सोडियम आणि क्लोरीन यांच्या आयनांची मांडणी इतकी समतोल असते की कोणत्याही आयनापासून एका दिशेला जे दिसते, तेच बरोबर उलट दिशेलाही दिसते. दाब दिला तरी हा समतोल टिकतो, त्यामुळे धन आणि ऋण भारांचे मध्यबिंदू एकमेकांपासून सरकत नाहीत. साखरेच्या स्फटिकात तसा समतोल नाही. तो दाबला की मध्यबिंदू किंचित सरकतात आणि एका बाजूवर धन, दुसऱ्या बाजूवर ऋण भार उमटतो. स्फटिकांचे एकूण ३२ वर्ग आहेत. त्यांपैकी २० वर्गांत हा गुण संभवतो. म्हणजे दाबविद्युत हवी असेल तर रचनेत ठरावीक प्रकारचा बेडौलपणा हवा.

लायटरमधले सिरॅमिक शिसे, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे असते. पीझेडटी या नावाने ते ओळखले जाते. १ न्यूटन बल लावले असता किती भार मिळतो, यावरून या पदार्थांची तुलना करतात. क्वार्ट्झपासून सुमारे २ पिकोकुलोम मिळतात, बेरियम टायटॅनेटपासून सुमारे १९० आणि पीझेडटीपासून प्रकाराप्रमाणे साधारण ३०० ते ६००. (१ पिकोकुलोम म्हणजे कुलोमचा दहा खर्वांश हिस्सा नव्हे, तर लाख कोटींश हिस्सा. मी स्वतः विद्यार्थी असताना यात गोंधळ घातला होता.) पन्नासच्या दशकापासून पीझेडटीने इतरांना मागे टाकले ते उगीच नव्हे. सोनोग्राफीच्या यंत्रात ध्वनितरंग सोडणारे आणि टिपणारेही बहुधा तेच असते.

मग नव्या पदार्थांची गरज काय? एक तर पीझेडटी ठिसूळ आहे. कापडासारखे वाकवायला गेलात तर तुकडे होतील. दुसरे, ते भाजायला सुमारे १,२०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते. आणि तिसरे कारण तुम्ही अणुभारांच्या तक्त्यावरून स्वतः काढू शकता. नेहमीच्या पीझेडटीच्या वजनात जवळजवळ ६४ टक्के शिसे असते. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, घातक आहे. युरोपात २००६ सालापासून विजेच्या उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आले, पण दाबविद्युत सिरॅमिकांना सूट द्यावी लागली, कारण त्यांच्या तोडीचा पर्याय हाताशी नव्हता.

हा पर्याय शोधताना शास्त्रज्ञ संकरित स्फटिकांकडे वळले. कल्पना सुरेख आहे. धातू आणि क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन यांची एक असेंद्रिय चौकट घ्यायची आणि तिच्यातल्या पोकळ्यांत कार्बन-नायट्रोजनचे सेंद्रिय आयन बसवायचे. चौकट नियमित असली तरी पोकळीत बसणारा आयन आपण निवडू शकतो. तो मुद्दाम बेडौल निवडायचा. शिवाय असे स्फटिक भट्टीत भाजावे लागत नाहीत. तुरटीचा खडा वाढवतो तसे ते द्रावणातून सावकाश वाढवता येतात.

२०१७ साली चीनमधल्या संशोधकांनी अशाच एका स्फटिकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या चौकटीत मँगॅनीज आणि क्लोरीन होते. पोकळीतल्या आयनात मध्यभागी नायट्रोजन आणि त्याला चार हात. तीन हात अगदी सारखे, चौथ्याच्या टोकाला मात्र एक क्लोरीनचा अणू लावलेला. या एका अणूच्या बेडौलपणामुळे १ न्यूटनला १८५ पिकोकुलोम मिळाले, म्हणजे जवळपास बेरियम टायटॅनेटइतके. २०१९ साली मँगॅनीजच्या जागी कॅडमियम घेऊन आणि काही आयनांतल्या त्या क्लोरीनच्या जागी फ्लुओरीन बसवून हा आकडा सुमारे १,५४० पर्यंत गेला. पीझेडटीच्या दुप्पट-तिप्पट!

आता ही कल्पना अगदीच नवी आहे का? तुमच्या शाळेच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेत सोडियम पोटॅशियम टार्टरेटची बाटली असेल. फेलिंगचे द्रावण करताना ते वापरतात. टार्टरेट हा सेंद्रिय आयन, सोडियम आणि पोटॅशियम असेंद्रिय. याचेच दुसरे नाव रोशेल सॉल्ट. क्यूरी बंधूंनी हेही तपासले होते. पुढे जुन्या ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आणि मायक्रोफोनमध्ये रोशेल सॉल्टचे स्फटिक वापरले जात. मग ते मागे का पडले? दमट हवेत ते ओलावा धरत आणि फार कोरड्या हवेत स्वतःमधले पाणी गमावत. पाण्यातून सहज वाढणारा स्फटिक पाण्यात सहज विरघळतोही. आमच्या टिटवाळ्याच्या जुलै महिन्यात, जिथे आगपेटीतली काडी पेटायला नकार देते, तिथे रोशेल सॉल्टचा उघडा खडा किती टिकेल? नव्या संकरित स्फटिकांपैकी पुष्कळांच्या कुंडलीत हाच दोष आहे.

दुसरी एक अडचण ते अर्धसंवाहक असण्यातून येते, आणि ती बातम्यांत सहसा सांगितली जात नाही. दाबामुळे पृष्ठभागावर भार उमटला, की पदार्थात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतील तर ते धावत जाऊन तो भार पुसून टाकतात. गळक्या बादलीत पाणी भरावे तसे होते. पदार्थ जितका चांगला वाहक, तितकी बादली अधिक गळकी. मिथिलअमोनियम लेड आयोडाइड हा या कुटुंबातला सर्वांत प्रसिद्ध सभासद. २००९ साली जपानमध्ये तो सौर घटात वापरला गेला तेव्हापासून त्याचा बोलबाला आहे. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन मोकळे करण्यात तो वाकबगार आहे. पण हाच गुण दाबविद्युतेच्या आड येतो. शिवाय नेहमीच्या तपमानाला त्याच्या रचनेत आवश्यक तो बेडौलपणा खरोखर आहे का, यावर शास्त्रज्ञांत वाद झालेला आहे. प्रकाश आणि दाब या दोघांनाही एकाच पदार्थाने प्रतिसाद द्यावा, असे उपयोग शोधले जात आहेत हे खरे. परंतु नुसती दाबाची वीज साठवायची असेल, तर संकरितांपैकी जे जवळजवळ विद्युत्‌रोधक आहेत तेच बरे.

त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दाही आहे. पीझेडटी म्हणजे पसरट परात आणि हे स्फटिक म्हणजे अरुंद नळकांडे. परातीत तांब्याभर पाणी ओतले तर पातळी बोटभरही चढत नाही. तेच नळकांड्यात ओतले तर वितीएवढे चढते. तसेच, विद्युत्‌भार साठवण्याची धारणा कमी असल्यामुळे संकरित स्फटिकांत थोड्या भारानेही विद्युत्‌दाब बराच चढतो, आणि ऊर्जा ही भार व विद्युत्‌दाब या दोहोंवर अवलंबून असते. म्हणून केवळ पिकोकुलोमचे आकडे पाहून त्यांना कमी लेखू नये.

बरे, आता पुलाकडे वळू. ६० किलोच्या माणसाचे वजन म्हणजे सुमारे ६०० न्यूटन. समजा, पायाखालची फरशी ५ मिलिमीटर दबली. झालेले कार्य ३ जूल. समजा, दिवसभरात १० हजार प्रवाशांनी प्रत्येकी दहा फरशांवर पाय दिला. एकूण ३ लाख जूल. विजेचे एक युनिट ३६ लाख जूलचे असते, म्हणजे ही झाली युनिटाचा बारावा हिस्सा! त्यावर १० वॉटचा एक दिवा सव्वाआठ तास जळेल. आणि हे केव्हा, तर फरशीने एकही जूल वाया घालवला नाही तेव्हा. प्रत्यक्षात शेकडा एक भाग हाती लागला, तर दिवा पाच मिनिटे जळेल. सिरॅमिक तर ५ मिलिमीटर दबतच नाही. त्याचे दबणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायचे असते. टोकियो स्थानकात २००६ आणि २००८ साली अशा फरशांचे प्रयोग झाले, ते या मर्यादा प्रत्यक्ष तपासण्यासाठी उपयोगी होते. पण तुमच्या-माझ्या स्टेशनच्या वीजबिलावर तो उपाय नव्हे.

शिवाय ही वीज फुकट आहे असे का समजायचे? दबणाऱ्या फरशीवर चालणे म्हणजे वाळूत चालणे. ते ३ जूल कोणाच्या तरी भाकरीतून येतात. मंगळवारी अंगारकीला महागणपतीच्या दर्शनासाठी गुडघे धरत पूल चढणाऱ्या आजीबाईंकडून आपण तेवढी वीज वसूल करणार आहोत, हे त्यांना सांगून तरी टाकू या.

त्या मुलीच्या वहीत काय होते? शंभर टिचक्यांनी कपॅसिटर २ व्होल्टपर्यंत चढला होता. तिने सूत्र वापरून साठलेली ऊर्जा काढली होती: २० मायक्रोजूल. आणि खाली लिहिले होते, '१० वॉटचा दिवा एक सेकंद लावण्यासाठी ५ कोटी टिचक्या.' स्टेशनच्या त्या देखाव्यातून जे लपवले गेले, ते या एका ओळीत होते. आणि आम्ही तिघांनी ती ओळ वाचूनसुद्धा दिव्याला बक्षीस दिले.

मग संकरित स्फटिक कशासाठी? जिथे मायक्रोजूलच पुरतात तिथे. नाडीचे ठोके टिपणारी पट्टी, यंत्राच्या बेअरिंगची थरथर ऐकणारा संवेदक, पुलाच्या खांबाला बसवलेला तपासनीस. काळू नदीवरचा रुंद्याचा पूल अनेक पावसाळ्यांत पाण्याखाली गेला आहे. अशा पुलाला आतून काही इजा झाली का, हे सांगणारे संवेदक बसवले, तर दर वर्षी त्यांचे सेल बदलायला पाण्यात कोण उतरणार? वाहनांच्या हादऱ्यांवर जागा होणारा, थेंबथेंब वीज साठवून दिवसातून एकदा निरोप धाडणारा संवेदक तिथे उपयोगी. लवचिक पट्टीत मुरवलेले स्फटिक अशा कामाला फार योग्य.

पण कोणते स्फटिक? येथे माझे मत इतरांपेक्षा थोडे कडक आहे. १,५४० च्या आकड्याने डोळे दिपतात, परंतु त्यात कॅडमियम आहे. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने भातशेती नासली आणि माणसांची हाडे ठिसूळ झाली, हा इतिहास फार जुना नाही. मिथिलअमोनियम लेड आयोडाइडात वजनाने ३३ टक्के शिसे आहे. पीझेडटीच्या निम्मे, म्हणून धोकाही निम्मा असे कोणी म्हणेल. तसे नाही. पीझेडटीतले शिसे भाजलेल्या सिरॅमिकात बऱ्यापैकी जखडलेले असते. हा संकरित स्फटिक मात्र पाणी लागताच विस्कटतो, त्यातून लेड आयोडाइड उरते आणि ते पाण्यात थोडे थोडे विरघळते. एका प्रयोगशाळेतल्या चिमूटभर पदार्थाने काही बिघडत नाही. परंतु संवेदक म्हणजे लाखोंनी पसरायची वस्तू, आणि ती संपल्यावर कचऱ्याच्या ढिगात आणि तेथून पावसाबरोबर नदीत जाणार. सेलचा कचरा टाळण्यासाठी काळूच्या पाण्यात शिसे सोडणे हा कसला सौदा? १८५ चा मँगॅनीजवाला स्फटिक मला १,५४० वाल्यापेक्षा अधिक आशेचा वाटतो. माझे काही सहकारी म्हणतात की आधी गुण तर सिद्ध होऊ द्या, विष नंतर काढता येईल. पीझेडटीतले शिसे काढण्याचे काम सत्तर वर्षांत पुरे झालेले नाही, एवढेच उत्तर मी देतो.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच झालेले एक काम मला महत्त्वाचे वाटते. पुण्याला पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या शेजारीच २००६ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. त्याच परिसरात संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचे पीझेडटी केंद्र आहे. आयसरमधले रसायनशास्त्रज्ञ रामामूर्ती बूमीशंकर यांच्या गटाने इतर दोन्ही ठिकाणच्या शास्त्रज्ञांच्या साथीने २०२० साली एका संकरित क्षाराविषयी लेख प्रसिद्ध केला. मध्यभागी निकेल, त्याभोवती सहा थायोसायनेट, आणि जोडीला फॉस्फरसभोवती कार्बनी गट असलेले चार मोठे सेंद्रिय आयन. शिसे नाही, कॅडमियम नाही. हा क्षार पॉलियुरेथेन या लवचिक बहुवारिकात मिसळून त्यांनी वाकणाऱ्या चकत्या केल्या आणि त्यांच्यापासून दाबाची वीज मिळवून दाखवली. निकेल अगदी निरुपद्रवी आहे असे नाही, कित्येकांच्या कातडीला त्याची खाज सुटते. पण दिशा योग्य आहे. बहुवारिकाच्या वेष्टनामुळे ओलाव्यापासूनही थोडा बचाव होतो. ज्या केंद्राचे नावच शिशाच्या सिरॅमिकावरून पडले, तेथील माणसे शिसे नसलेल्या पदार्थाच्या मोजणीत भागीदार होती, हे मला विशेष आवडले.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत 'सादरीकरण' असा एक रकाना असतो आणि बक्षीस बहुधा तोच ठरवतो. त्याच्या शेजारी 'मोजणी' असा एक रकाना घालावा आणि त्याला निदान तितकेच गुण ठेवावेत. दिवा लागला नाही तर का लागला नाही, याचे आकडे घेऊन येणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतील असे कळले, तर फळीखाली सेल लपवण्याची पाळी त्या दोन मुलांवर आली नसती. मुले हुशार होती. खटका फार सफाईने बसवला होता.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला करून पाहायचे असेल तर रोशेल सॉल्टपासून सुरुवात करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली कोमट पाण्यात त्याचे संपृक्त द्रावण करा, गाळा, आणि एक छोटा खडा दोऱ्याने त्यात टांगून ठेवा. भांड्यावर कागद झाकून ते हलणार नाही अशा जागी आठ-दहा दिवस राहू द्या. हे काम थंडीच्या दिवसांत करावे; पावसाळ्यात खडा वाढता वाढत नाही. बोटभर खडा तयार झाला की दोन समोरासमोरच्या बाजूंवर पातळ ॲल्युमिनियमचा कागद दाबून बसवा, तारा जोडा आणि हलकेच टिचकी मारून मल्टिमीटरचा काटा किंवा आकडा पाहा. काही हलले नाही तर कागद दुसऱ्या दोन बाजूंवर लावा, खडा तिरका धरून दाबा. स्फटिकाला दिशा असते आणि या स्फटिकाला तर ती फारच असते. प्रत्येक वेळी कोणत्या बाजू, किती टिचक्या, किती व्होल्ट, त्या दिवशी हवा कशी होती, हे वहीत लिहा. काम झाले की खडा घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.